ग्राहक क्रमांक सात हजार एक

१. सोमवार, सकाळी नऊ वाजून दहा मिनिटं

चोरी उघडकीला आली ती माझ्यामुळे. मी काही चोर पकडला नाही. मी फक्त तीन सॉफ्टवेअर एकमेकांना जोडली.

शिलाई मशीन बनवणारा हा कारखाना. सेल्सचं एक सॉफ्टवेअर, स्टोअरचं दुसरं, दुरुस्ती विभागाचं तिसरं. वीस वर्षं तिघं एका छपराखाली नांदली, पण अबोला धरलेल्या जावांसारखी. सेल्सने काय विकलं ते स्टोअरला कागदावरून कळायचं, स्टोअरमध्ये काय उरलंय ते सेल्सला फोनवरून, आणि दुरुस्तीत काय चाललंय ते कुणालाच कळायचं नाही. शनिवार-रविवारी माझ्या चार माणसांनी तिघांची सगळी माहिती उचलून एका नव्या सॉफ्टवेअरमध्ये ओतली.

सोमवारी सकाळी पहिलं बटण धाकट्या बाईंनी दाबलं. कारखाना त्यांच्या वडिलांनी, थोरल्या साहेबांनी उभा केला. आता तो त्या चालवतात. सर्वांत जुन्या ग्राहकांना आभाराचं पत्र पाठवावं असं त्यांच्या मनात होतं, म्हणून त्यांनी जुन्या ग्राहकांची यादी मागितली. यादीत सहाव्या जागी हे आलं:

ग्राहक क्रमांक: ७००१
नाव: जुने ग्राहक
पत्ता: —
फोन: —
अठरा वर्षांत नेलेले सुटे भाग: १,२२०
परत आलेले: ०

असा ग्राहक सेल्समध्ये कुणी पाहिलेला नव्हता. बाई स्वतः उठून खाली स्टोअरमध्ये गेल्या. हे भाग ज्या रॅकवर असायला हवेत ती शेवटची ओळ त्यांनी पाहिली. मी त्यांच्या मागेच होतो. रॅक रिकामे होते. नुसते कमी नव्हे, पार रिकामे. पत्र्यावर तेलाचे गोल डाग तेवढे राहिले होते.

बाईंनी वर येऊन माल दिल्याची चलानं उघडली. बाराशे वीसच्या बाराशे वीस चलानं एकाच लॉगिनवरून निघालेली होती.

ते लॉगिन अक्काचं होतं.

२. अक्का

अक्का म्हणजे स्टोअर. एकतीस वर्षं. महिनाअखेर ती निवृत्त होणार, आणि तिचे बारा दिवस उरले होते.

मी या कारखान्यात पहिल्यांदा आलो तेव्हा बावीस वर्षांचा होतो. मला सगळे ‘कॉम्प्युटर’ म्हणायचे, कारण माझ्याबरोबरच कारखान्यात पहिला कॉम्प्युटर आला होता आणि दोघांना एकाच टेबलावर बसवलं होतं. स्टोअरचं सॉफ्टवेअर मी लिहिलं. त्यासाठी अक्काच्या खिडकीमागे सहा महिने बसलो. ती एकेक भाग माझ्या तळहातावर ठेवायची आणि विचारायची, हा कशाचा? मला सांगता आलं नाही की डोक्यात टपली. दुपारी डबा उघडला की अर्धा माझा, हे न बोलता ठरलेलं होतं. वर्ष-दीड वर्षाने मला मोठ्या कंपनीत नोकरी लागली तेव्हा ती म्हणाली होती, जा, पण चष्म्याची काच पुसत जा, आंधळ्यासारखा टाइप करतोस.

आता एकोणीस वर्षांनी मी परत आलो होतो, जोडणीचं काम घेऊन. खिडकीची जाळी तीच, टेबल तेच, मशीनच्या तेलाचा वास तोच. तिचे केस पांढरे झाले होते आणि गुडघा दुखायला लागला होता. लोखंडी जिना ती आता चढत नसे. तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि शेजारच्या माणसाला सांगितलं, हा आमचा कॉम्प्युटर, पोट सुटलंय तेवढं दुर्लक्ष करा.

जोडणीच्या आदल्या आठवड्यात तिने मला दोन गोष्टी विचारल्या होत्या. नव्या सॉफ्टवेअरमध्ये जुने नियम तेच राहणार का. मी म्हणालो होतो, तेच. जुने नियम जसेच्या तसे उचलायचे ही आमच्या धंद्यातली पद्धत आहे. मग तिने विचारलं, पत्ता नसलेल्या ग्राहकाचं काय होतं. मी ऐटीत सांगितलं होतं, तो आता लपून राहायचा नाही अक्का, एका मिनिटात वर येईल.

सोमवारी धाकट्या बाईंनी तिला वर बोलावलं नाही. गुडघ्यामुळे त्याच खाली गेल्या. मी खिडकीशी उभा होतो. बाईंनी विचारलं, हा ग्राहक कोण. अक्काने चष्मा काढून पुसला.

“चलानं माझी आहेत. पुढे काय करायचं ते करा.”

एवढंच.

संध्याकाळी बाईंनी मला मुदत दिली. शुक्रवारी दुपारी चार वाजता भंगारवाल्याचा ट्रक येणार होता. नवं सॉफ्टवेअर डेड स्टॉकची पहिली यादी काढणार, आणि वर्षभरात न हललेला सगळा माल त्यात जाणार. त्याच वेळी त्या पोलिसांत तक्रारही देणार होत्या. तोवर चूक सॉफ्टवेअरची आहे असं मी दाखवलं, तर ठीक. नाहीतर एकतीस वर्षांच्या नोकरीवर ‘चोर’ असा शिक्का बसणार होता.

३. जबाब (फॉर्म भरून घेतल्यासारखा)

*विभाग:* सेल्स.
*कोण:* फोनकाका. सेल्सचे प्रमुख. कान आणि खांदा यांच्यामध्ये सदैव फोन, म्हणून हे नाव.
*सोमवारी कुठे होते:* फोनवर.
*शनिवारी, रविवारी:* घरी, फोनवर.
*७००१ ला ओळखता?* नाही. पण क्रमांक बघून त्यांचे डोळे बारीक झाले. खऱ्या ग्राहकांचे क्रमांक पाच हजारांच्या आत थांबतात, म्हणाले. सात हजारांच्या पुढचे कधी दिलेच नाहीत. हा क्रमांक कुणीतरी मुद्दाम लांब नेऊन ठेवलाय, कुणाच्या पायात येऊ नये म्हणून.
*ते भाग विकले तर कोण घेईल?* इथे त्यांनी फोन खाली ठेवला. कारखान्यात हे क्वचित घडतं. ते भाग दोन जुन्या मॉडेलांचे आहेत, म्हणाले. ती मॉडेलं बनवणं आपण चोवीस वर्षांपूर्वी बंद केलं. दुसऱ्या कुठल्या मशीनला ते बसत नाहीत. बाजारात त्यांना कुत्रं विचारत नाही.
*मग चोराने ते का न्यावेत?* तुम्ही कॉम्प्युटर ना, तुम्हीच सांगा.
*शेरा:* निघताना त्यांनी माझा हात धरला. अक्काने त्यांच्या मुलीच्या लग्नात रात्रंदिवस राबून पाहुण्यांचं सगळं पाहिलं होतं, असं म्हणाले. तिने एक टाचणी घरी नेली असेल तर मी मिशी उतरवीन, म्हणाले. मग फोन वाजला.

४. भागाकार

मंगळवारी मी बाराशे वीस चलानं तारखेप्रमाणे लावली.

मला वाटलं होतं, अठरा वर्षांत पसरलेल्या शेकडो तारखा निघतील. आज एक, परवा दोन, जसा भुरटा चोर करतो. तारखा निघाल्या फक्त वीस. प्रत्येक तारखेला एकसष्ट चलानं. प्रत्येक चलानावर एकच नग. आणि एकसष्ट नग म्हणजे एकसष्ट वेगवेगळे भाग. कुठलाही दोनदा नाही, कुठलाही गाळलेला नाही.

एका तारखेपासून दुसऱ्या तारखेपर्यंत दर वेळी अकरा महिने.

अकरा महिन्यांनी एकदा येऊन प्रत्येक जातीचा एकेकच नग उचलणारा चोर मी ऐकला नव्हता. हे चोरीसारखं दिसत नव्हतं. हे शाळेत मास्तर हजेरी घेतात तसं दिसत होतं. तू आहेस का? आहे. तू? आहे.

आणखी एक गोष्ट बसत नव्हती. सॉफ्टवेअरच्या हिशेबाने प्रत्येक जातीचे वीस नग गेले होते. रॅक मात्र पुरते रिकामे होते, आणि काही जातींचे तिथे दीडशे-दीडशे नग असायला हवे होते. म्हणजे अठरा वर्षांची कागदावरची गोष्ट वेगळी आणि रॅक रिकामे होण्याची गोष्ट वेगळी. पत्र्यावरचे तेलाचे डाग ओले होते. पहिली गोष्ट जुनी होती, दुसरी तीन दिवसांची.

एकाच माणसाने या दोन्ही केल्या असतील, तर त्याला शनिवारी असं काय आठवलं?

५. मिस्त्री

दुरुस्ती विभागात मिस्त्री एकटेच. विभाग म्हणजे एक लांब बाक, वर एक दिवा आणि भिंतीवर टांगलेली उघडी मशीनं. मिस्त्री बोलतात ते मशीनशी. माणूस मध्ये उभा असेल तर त्याने आपल्या वाटणीचं ऐकून घ्यावं.

मी विचारलं, त्या जुन्या मॉडेलांची मशीनं अजून दुरुस्तीला येतात का. त्यांनी मानेनेच बाकाखाली दाखवलं. सात होती.

मी विचारलं, त्यांना लागणारे भाग कुठून आणता. स्टोअरमधून. चलान? त्यावर ते पहिल्यांदा माझ्याकडे वळले. दुरुस्तीच्या सॉफ्टवेअरमधून स्टोअरकडे मागणी पाठवायची सोयच नव्हती, ते म्हणाले. खिडकीशी जाऊन हात पुढे करायचा, अक्का भाग ठेवते, आपण आपल्या इथे लिहून ठेवायचं. इतकी वर्षं असंच.

मग मी ७००१ विचारलं. त्यांनी पेचकस उचलला, खाली ठेवला, पुन्हा उचलला.

“कुपीतलं तेल संपलंय,” ते म्हणाले. “नवी कोरी कुपी होती. शनिवारी कुणीतरी सगळी ओतली.”

माझ्या प्रश्नाचं हे उत्तर नव्हतं, असं मला तेव्हा वाटलं.

६. अनाथ ओळी

सॉफ्टवेअर जोडणाऱ्यांच्या धंद्यात एक फाइल असते. जी नोंद कुणाशीच जुळत नाही, म्हणजे जिच्यावर ग्राहक नाही, क्रमांक नाही, जी कुणाची म्हणून सांगता येत नाही, ती आम्ही तिकडे टाकतो आणि पुढे जातो. त्या नोंदींना आम्ही अनाथ म्हणतो. गिऱ्हाईकाला शेवटी सांगतो, थोड्या अनाथ राहिल्यात, काही बिघडत नाही. ती फाइल पुन्हा कुणी उघडत नाही. मीही कधी उघडली नव्हती.

बुधवारी उघडली.

सगळ्या ओळी दुरुस्तीच्या सॉफ्टवेअरमधून आल्या होत्या. सगळ्या एका साच्याच्या:

परत जमा. नग १. ग्राहक: —
परत जमा. नग १. ग्राहक: —
परत जमा. नग १. ग्राहक: —

मी खाली, अगदी तळाशी गेलो. ओळींची संख्या तिथे लिहिलेली असते.

१,२२०.

तारखा पाहिल्या. वीस तारखा. प्रत्येक तारीख चलानाच्या दुसऱ्या दिवसाची.

मी खुर्चीत मागे टेकलो. स्टोअरमधून आज गेलेला प्रत्येक नग उद्या दुरुस्तीच्या वाटेने परत आला होता. जाण्याची नोंद एका सॉफ्टवेअरमध्ये, येण्याची दुसऱ्यात. मी दोन्ही जोडताना जाणं तेवढं घेतलं आणि येणं अनाथ म्हणून फेकून दिलं. अर्धी गोष्ट सांगितली की चोरी दिसते. धाकट्या बाईंना मी तीच अर्धी दाखवली होती.

मिस्त्रींना सगळं माहीत होतं. परत जमाच्या नोंदी त्यांच्याच हातच्या होत्या.

पण रॅक रिकामे होते, आणि त्याचं उत्तर अनाथांकडे नव्हतं. मी चौथ्या जागी गेलो, जी मी कशालाच जोडली नव्हती: गेटवर. तिथे वॉचमन अजून वही ठेवतो. कोण, काय घेऊन, किती वाजता. शनिवार-रविवारची पानं त्याने माझ्यापुढे धरली. आत आले: माझी चार माणसं, मी, अक्का, मिस्त्री. बाहेर गेले: तेच, हात हलवत. वाहन एकही नाही. वॉचमन म्हणाला, अक्काची पिशवी उघडून पाहायला त्याला लाज वाटते, पण पाहतो, कारण पाहिली नाही तर अक्काच रागावते.

म्हणजे काही हजार तेलकट लोखंडी तुकडे बाहेर गेलेच नव्हते.

७. बंद खोली

अक्काचा गुडघा जिना चढत नाही. म्हणजे माल तळमजल्यावरच होता. तळमजल्यावर काय काय आहे? स्टोअर, मिस्त्रींचा बाक, नव्वद माणसं काम करतात ती मोठी शेड, आणि शिवणवर्ग.

शिवणवर्ग बारा वर्षं बंद आहे. पूर्वी मशीन घेणाऱ्या प्रत्येकीला इथे महिनाभर फुकट शिकवत. मी होतो तेव्हा दुपारी इथून चाळीस मशीनांचा एकत्र आवाज यायचा, पत्र्यावर गारा पडाव्यात तसा. एखादी चुकली की आवाज थांबायचा, मग हसण्याचा यायचा. आमच्या कॉम्प्युटरच्या टेबलापर्यंत तो ऐकू येई, आणि थोरले साहेब जाता जाता म्हणायचे, हा आवाज थांबला की समजा कारखाना थांबला.

गुरुवारी सकाळी मी दारापुढे उभा राहिलो. कडी गंजलेली होती. कुलूपही गंजलेलं, पण त्याच्या तोंडातून तेलाचा एक ओघळ खाली आलेला होता, ताजा. मिस्त्रींनी मला उत्तर दिलं होतं. मलाच ते ऐकू आलं नव्हतं.

किल्ल्या स्टोअरमध्ये असतात. मी किल्ली मागितली नाही. कुलूप ओढलं तर ते नुसतं अडकवलेलं होतं.

आत चाळीस टेबलं होती. चाळीस मशीनं, आपापल्या खाकी खोळीत, मान खाली घालून बसलेली. खिडकीच्या काचेतून उजेड येत होता आणि धूळ सगळीकडे सारखी होती, फक्त टेबलांच्या खणांच्या मुठी स्वच्छ होत्या. मी पहिला खण ओढला. फुगून बसलेलं लाकूड तेलामुळे सहज सरकलं.

आत कापड दाबून धरणारे पाय होते. मेणकागदात गुंडाळलेले, दहा-दहाच्या पुडीत. दुसऱ्या खणात बॉबिनच्या पेट्या. तिसऱ्यात सुईदांडे. रॅकवर ज्या क्रमाने होते त्याच क्रमाने, टेबलामागून टेबल.

मागे कुणीतरी पाय ओढत चाललं, आणि थांबलं.

८. जे ती बोलली

अक्का पहिल्या टेबलाच्या स्टुलावर बसली. माझ्याकडे न बघता तिने खण परत लावला.

मी म्हणालो, चोरी झालेली नाही हे मला कळलंय. हजेरी का घेत होतीस ते कळलेलं नाही.

“तुला नाही कळलं?” ती म्हणाली. “नियम तर तुझाच.”

मग तिने सांगितलं, आणि मी तिथे उभा राहून ऐकलं.

स्टोअरचं सॉफ्टवेअर लिहिताना मी एक नियम घातला होता. ज्या भागाची वर्षभरात विक्री नाही तो डेड स्टॉक; त्याची यादी आपोआप निघेल, माल भंगारात जाईल, जागा मोकळी होईल. थोरल्या साहेबांनी माझी पाठ थोपटली होती. मी तेवीस वर्षांचा होतो. दुरुस्तीला गेलेला भाग हलला असं मी धरलंच नव्हतं. माझ्या लेखी हलणं म्हणजे विकणं. दुरुस्तीचं सॉफ्टवेअर वेगळ्या माणसाने लिहिलं होतं आणि त्याचं माझं पटत नव्हतं. मी दोघांमध्ये दार ठेवलं नाही.

पहिली यादी निघाली तेव्हा मी नोकरी सोडून गेलेलो होतो. पहिला ट्रक भरून गेला. त्यानंतर आठवड्याने एक बाई आली. मशीनचं डोकं चादरीत बांधून, कडेवर मूल घ्यावं तसं घेऊन. दोन बस बदलून आली होती. शटल तुटलं होतं, एवढासा तुकडा. त्याच मशीनवर ती घर चालवायची, शाळेचे गणवेश शिवायची. अक्काने रॅककडे पाहिलं. तिथे शटलच्या चार पेट्या होत्या, मागच्या मंगळवारपर्यंत.

“मी तिला नाही म्हटलं,” अक्का म्हणाली. “एकतीस वर्षांत या खिडकीतून मी नाही कुणाला म्हटलं असेल, तर तिला. पायरीवर बसली रे ती थोडा वेळ. मग गाठ पुन्हा घट्ट बांधली आणि गेली.”

त्या महिन्यात अक्काने ७००१ जन्माला घातला. उरलेल्या एकसष्ट भागांवर वर्ष भरायच्या आत एकेक विक्री दाखवायची, दुसऱ्या दिवशी मिस्त्रींनी परत जमा करायचं. माझा नियम खूश, ट्रक रिकामा. ती स्वतः निवृत्त झाल्यावर हे मिस्त्री पाहणार होते. पण मी आलो, आणि तिला ऐटीत सांगितलं की नियम तेच राहणार आणि ७००१ वर येणार. म्हणून शनिवारी दोघांनी ढकलगाडीवरून सगळं इथे आणलं, माझी माणसं शेजारच्या भिंतीपलीकडे बसलेली असताना.

मी विचारलं, बाईंना सांगितलं का नाहीस.

“सांगितलं असतं तर नाव सुटलं असतं आणि माल गेला असता. शुक्रवारी ट्रक येतोय. तुला काय वाटतं, मी कशासाठी गप्प बसलेय?” ती उठली, गुडघ्यावर हात ठेवून. “चोर म्हणतील ते उरलेले नऊ दिवस म्हणतील. मग मी घरी. तू काही पाहिलं नाहीस. चल, कुलूप लाव.”

९. शुक्रवार, चारला पंचवीस मिनिटं कमी

मी कुलूप लावलं होतं. आणि सांगूनही टाकलं. तिच्याविरुद्ध जाऊन, तिच्यासमोर.

बाईंची बैठकीची खोली वर आहे, पण सगळे खाली स्टोअरमध्ये जमले. खुर्च्या कमी पडल्या म्हणून फोनकाका खोक्यावर बसले. मिस्त्री दाराला टेकून. अक्का आपल्या जागी, जाळीमागे, माझ्याकडे पाठ करून. बाहेर ट्रक गेटवर येऊन उभा राहिल्याचा आवाज झाला.

मी पडद्यावर दोन याद्या शेजारी शेजारी लावल्या. जाणं आणि येणं. तारखेला तारीख, नगाला नग. ते जुळवायला मला पंधरा मिनिटं लागली होती; ती मी शनिवारी दिली असती तर सोमवार उजाडलाच नसता. एक नगही या कारखान्याबाहेर गेलेला नाही, असं मी म्हणालो आणि कुठे आहे तेही सांगितलं. अक्काची पाठ ताठ झाली.

बाई हुशार आहेत. त्यांनी लगेच बोट ठेवलं: नोंदी खोट्या आहेत ना? मी म्हणालो, बाराशे वीस विक्रीच्या आणि तेवढ्याच परतीच्या, सगळ्या खोट्या. मग गुन्हा आहे, त्या म्हणाल्या.

मी म्हणालो, आहे. त्याआधीचा एक माझा आहे. आणि नियमाची गोष्ट सांगितली. तो मी नव्या सॉफ्टवेअरमध्येही न बघता उचलून ठेवला होता आणि चार वाजता तो चालणार होता, हेही सांगितलं.

मग मी तिसरी यादी काढली. हीच यादी काढण्यासाठी मी रात्रभर नव्हे, अख्खा गुरुवार बसलो होतो, आणि ती तिन्ही सॉफ्टवेअर जोडल्याशिवाय निघूच शकत नव्हती. सेल्सला माहीत होतं कोणत्या मशीनची मालकीण कोण. दुरुस्तीला माहीत होतं कोणतं मशीन कितीदा आलं. स्टोअरला माहीत होतं रॅकवर काय आहे. पहिल्यांदा तिघं एका वाक्यात बोलत होती.

अठरा वर्षांत त्या दोन मॉडेलांची मशीनं मिस्त्रींच्या बाकावर सहा हजार आठशे वेळा आली होती. एकसष्ट जातींपैकी बावन्न जातींचे भाग त्यांत वापरले गेले होते. खरे, चलानाशिवाय, हातावर ठेवून दिलेले.

फोनकाका पुढे वाकून वाचत होते. त्यांनी हळू आवाजात सांगितलं की यांतल्या आठशे-नऊशे जणींनी नंतर आपलंच दुसरं मशीनही घेतलंय, मुलीसाठी, सुनेसाठी. त्यांना हे माहीत नव्हतं. सेल्सला दुरुस्ती दिसत नव्हती.

बाईंनी जाळीकडे पाहून विचारलं, बावन्नचं समजलं, पण जे नऊ कधीच लागले नाहीत त्यांचं काय.

अक्का वळली. सोमवारनंतर ती बाईंशी पहिल्यांदाच बोलली.

“ते ज्या दिवशी लागतील त्या दिवशी लागतील, बाई. तेव्हा नाही कोण म्हणणार, तुम्ही की मी?”

भिंतीवरचं घड्याळ चारला सात मिनिटं कमी दाखवत होतं. बाई उठून माझ्याजवळ आल्या आणि त्यांनी विचारलं, नियम कुठे आहे. मी दाखवला. एकच ओळ होती. त्या म्हणाल्या, पुसा. मी पुसली. सॉफ्टवेअरने विचारलं, नक्की का. मी हो म्हणालो.

गेटवरून निरोप आला की ट्रकवाला ताटकळलाय, रिकामा परत जायचा नाही म्हणतो. बाईंनी खोलीत नजर फिरवली. कोपऱ्यात, वायरी काढून, तीन जुने कॉम्प्युटर एकावर एक रचून ठेवलेले होते, सेल्सचा, स्टोअरचा आणि दुरुस्तीचा. त्यांना न्या म्हणावं, त्या म्हणाल्या.

स्टोअरचा मी स्वतः उचलला. वजनाने वाटला होता त्यापेक्षा हलका होता. त्याच्या बाजूला माझ्या अक्षरात, खिळ्याने कोरलेलं, ‘हात लावू नये’ होतं.

जाता जाता बाई जाळीशी थांबल्या. त्यांनी हात मिळवायला पुढे केला. अक्काने सवयीने विचारलं, काय हवंय.

१०. शनिवार, दुपार

माल परत रॅकवर गेला. ढकलगाडी फोनकाकांनी ढकलली, एका हाताने. अक्का स्टुलावर बसून सांगत होती, कुठे काय. मी चुकत होतो आणि ती टपली मारायच्या अंतरावर होती, पण मारली नाही. माझ्याशी ती कालपासून नीट बोलत नव्हती. मी न विचारता तिची गोष्ट चारचौघांत सांगितली, हे तिने माफ केलं होतं की नाही, मला कळायला मार्ग नव्हता.

माल लावून झाल्यावर बाकीचे गेले. मी राहिलो. मला एक विचारायचं होतं.

“अक्का, ती चादरवाली बाई. तिचं मशीन पुढे चाललं का?”

“नाही माहीत. ती परत आली नाही.”

मी मान खाली घातली. मग तिने हात लांब करून माझा चष्मा काढला, पदराने दोन्ही काचा पुसल्या आणि परत दिला.

तिचे आता सात दिवस उरले होते. एकसष्ट भागांची नावं नव्या सॉफ्टवेअरमध्ये होती, क्रमांक होते, नग होते. पण कोणता भाग बिघडला म्हणजे मशीन कसं वागतं, खिडकीशी आलेली बाई ते कसं सांगते आणि त्यावरून रॅकवरचं काय काढायचं, हे कुठल्याच सॉफ्टवेअरमध्ये कधीच नव्हतं. ते फक्त स्टुलावर बसलेलं होतं. नव्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक भागापुढे माहितीसाठी एक मोठा रकाना आहे. आम्ही तो सगळीकडे रिकामाच ठेवतो.

मी टेबल तिच्याजवळ ओढलं आणि पहिला भाग उघडला. ती पुढे झुकली, पडद्यावरचा रिकामा रकाना तिने नीट पाहून घेतला.

“लिही,” ती म्हणाली. “बाई म्हणेल, मशीन चालतं पण टाका मध्येच सोडतं. घाबरलेली असेल. आधी तिला बसायला सांगायचं. हे पण लिही.”

मी लिहिलं.